घर नंबर चारशे बारा

माझं शुद्धलेखन कच्चं आहे आणि शब्दही साधेच आहेत. कुठं ऱ्हस्व-दीर्घ चुकलेलं दिसलं तर पोटात घाला. मी दारावरची पाटी बोलतेय. माझ्यावर तीन आकडे रंगवलेत, अक्षर एकही नाही. जे काही बोलायला शिकले, ते दारात उभं राहून बोलणाऱ्या माणसांकडून.

मी पत्र्याची. एका मोठ्या पत्र्यातून माझ्यासारख्या पुष्कळ जणी कापल्या, निळा रंग दिला आणि वर पांढऱ्यानं नंबर काढले. पोत्यात बसून आम्ही कबनूरला आलो. ग्रामपंचायतीचा शिपाई गल्लीगल्लीतून आम्हाला ठोकत निघाला. या घराशी आला तेव्हा बसम्मा दारात होत्या.

"आक्का, आता तुमचं घर सरकारात जमा झालं," शिपाई म्हणाला.

"जमा कशाला? आमचं आमच्याकडंच असू दे की," त्या म्हणाल्या. पण तो गेल्यावर हात धुऊन आल्या आणि माझ्या कपाळावर तीन बोटांनी विभूती ओढली. तेव्हापासून मी या घरातली झाले.

बसम्मांना दोन मुलगे. थोरला श्रीशैल, धाकटा सोमेश. पुढच्या सोप्यात दोन यंत्रमाग होते, एकावर थोरला, दुसऱ्यावर धाकटा. सोमेशनं नववीत शाळा सोडली ती त्या मागासाठीच. माग चालू झाले की भिंत थरथरते आणि खिळ्यांवर मीही थरथरते. त्या आवाजात ओरडून उपयोग नसतो. म्हणून मागावरची माणसं ओठ बघून बोलणं ओळखतात, हातानं खूण करून जेवायला बोलावतात. त्यामुळं घरातली माणसं सारखी एकमेकांच्या तोंडाकडं बघायची. मला ते फार आवडायचं.

बसम्मा गेल्या आणि घराची घडी विस्कटली. श्रीशैल तापट. सुताची तार तुटली तरी धाकट्याला फाडून खायचा. सोमेश मुखदुबळा, मान खाली घालून तार जोडत राहायचा. एका सकाळी तो खांद्याला पिशवी लावून उंबऱ्याबाहेर आला.

"अण्णा, शिरोलीत लोखंडाच्या फौंड्रीत काम मिळालंय."

"जा की," श्रीशैल म्हणाला. "पण गेलास तर परत ह्यो नंबर हुडकत यिऊ नगंस."

सोमेश गेला. दोन माग एकट्याला झेपेनात, म्हणून श्रीशैलनं एक विकला. एका मागाची थरथर वेगळी असते. अर्धी भिंत गप्पच राहते.

मी वाट बघत राहिले. गल्लीच्या तोंडाशी कुणी सोमेशसारखे खांदे पाडून चालताना दिसलं की वाटायचं, आला. जवळ आल्यावर दुसराच कुणी निघायचा. गणपती गेले, दिवाळी गेली, जोतिबाची जत्राही होऊन गेली. माणसाला निदान उठून बघून तरी येता येतं. मला खिळे आहेत.

आणि परवा भर दुपारी तो खरंच आला. उंबरा न ओलांडता माझ्याखाली उभा राहिला. त्याची वहिनी दानेश्वरी बाहेर आली.

"भावजी? किती वाळलाय ओ. आत या की."

"वैनी, भाईरच काम हाय." त्यानं हातातला फोन पुढं केला. "पगार आता फोनवरच्या खात्यात येतोय. त्या खातेवाल्यांनी खातं अडवलंय. आधारवरच्या पत्त्यावर खरंच राहतोस ह्ये दाखव म्हणत्यात. आधारवर ह्योच पत्ता हाय."

"मग शिरोलीतला पत्ता घाला की."

"खोलीवाला कागद देत न्हाय. कागद मागितलास तर खोली सोड म्हणतोय. आज सांजपतूर झालं न्हाय तर खातं बंद. पगार आतच अडकलाय." बोलताना तो चपलेनं जमीन उकरत होता. "नंबराजवळ उभं राहून तोंड दाखवायचं, आणि घरातल्या कुणीतरी सांगायचं, ह्यो हितं राहतोय म्हणून."

फोन लागला. पडद्यावर खातेवाल्यांची एक मुलगी दिसली. सोमेशनं बाहीनं माझ्यावरची धूळ पुसली आणि माझ्याशेजारी तोंड आणलं. त्याचा गाल मला लागला. गालाला लोखंडाचा वास येत होता.

"नंबर दिसला, सर," मुलगी म्हणाली. "घर कुणाच्या नावावर आहे?"

"थोरल्या भावाच्या."

"त्यांना बोलवा. त्यांच्याच तोंडून ऐकावं लागेल."

दानेश्वरीनं आत जाऊन खूण केली. श्रीशैल माग तसाच चालू ठेवून उंबऱ्यात आला. केसांवर सुताचं तूस. मध्येच माग थांबवला तर कापडात पट्टा पडतो, म्हणून तो कुणासाठीच माग थांबवत नाही. मुलीनं विचारलं, तो आवाज न चढवता काहीतरी बोलला. खडखडाटात मला एक शब्द कळला नाही.

"सर, ऐकू येत नाहीये," मुलगी म्हणाली.

पण सोमेशनं ओठ वाचले होते. त्यानं मान खाली घातली. दानेश्वरीनंही वाचले होते.

"असं बोलायचंच असलं तर माग थांबवून बोला," ती नवऱ्याच्या कानाशी ओरडली. "त्या पोरीलाबी ऐकू जाऊ दे, गल्लीलाबी जाऊ दे."

श्रीशैलनं खांद्यावरचा टॉवेल ओढला. मग आत गेला. माग थांबला. भर दुपारी भिंत अशी निश्चल मी कधी अनुभवली नव्हती. पलीकडच्या घरात कुकरची शिटी झाली, तीसुद्धा ऐकू आली.

तो परत आला, पण मघाचे शब्द त्याच्या तोंडून निघेनात. टॉवेलानं हात पुसत राहिला.

"सर, हे इथं राहतात का? हो की नाही?"

"थांब की बाई जरा. घरातलं बोलतोय." मग तो सोमेशकडं वळला. "मी खोटं सांगणार न्हाय. तू हितं राहत न्हाईस."

"व्हय," सोमेश म्हणाला.

"आज राहणार हायस का?"

सोमेशला कळेना. "उद्या पहिली पाळी हाय, अण्णा."

"उद्याचं कोण इचारतंय? आज हितं जेवणार, हितं झोपणार?"

सोमेशनं मान वर करून त्याच्या तोंडाकडं बघितलं. "व्हय."

"मग लिव बाई," श्रीशैल फोनकडं बघून म्हणाला. "राहतोय. ह्येचंच घर हाय."

फोनवर हिरवी खूण आली. श्रीशैल आत गेला आणि माग पुन्हा सुरू झाला. सोमेश चपला काढून उंबरा ओलांडून आत गेला, आणि मी एकटीच बाहेर थरथरत राहिले.

माझी आता कड गंजली आहे, चाराचा रंग उडालाय. नवीन पाट्या येणार म्हणतात, तेव्हा मला उतरवतील. मला त्याचं वाईट वाटत नाही. एकच मागणं आहे. तुमच्या कागदांवर ज्या घराचा नंबर आहे, त्या दारात कधीतरी जाऊन उभे राहा. कुणी पुरावा मागेपर्यंत थांबू नका.

सोमेश राहिला, त्याच्या दुसऱ्या दिवशी पहाटेच गल्लीत पाणी आलं. सोमेशनं घरातली सगळी भांडी भरली. नळावर समोरच्या घरी नवीन राहायला आलेली बाई त्याला म्हणाली, "पावणं, कुणाकडं आलाय?"

त्यानं घागर खाली ठेवली. "पावणा न्हाय," तो म्हणाला. "हितलाच हाय." मग घागर आत नेऊन ठेवली, आणि पिशवी घेऊन शिरोलीच्या गाडीला गेला.