भाताच्या पोत्यातला फोन

भाताच्या पोत्यात कोपरापर्यंत हात घालून फोन खुपसला, तरी जयाबाईला तो पुरेसा खोल गेल्यासारखं वाटेना. सर्वेवाली पोरगी गुंजी गावात आली होती आणि घरात फोन आहे का, इंटरनेट कोण वापरतं, असलं दारोदार विचारत होती. फोन आहे म्हटलं की बीपीएल कार्ड गेलंच, असं शेजारची मालुबाई सांगून गेली. वाजायला नको म्हणून फोन बंदही तिनंच करून दिला आणि खानापूरची बस पकडली. एरवी जयाबाईनं हे हसण्यावारी नेलं असतं. पण आज त्याच कार्डावर बेळगावच्या दवाखान्यात तिच्या नवऱ्याचं, रवळूचं, हृदयाचं ऑपरेशन होतं.

प्रियदर्शनी नावाची ती पोरगी दारात बसली, पाणी प्याली, टॅबवर बोट फिरवत विचारत गेली. फोन? न्हाय. इंटरनेट? न्हाय बाई, आमाला कुठलं! पोरगी उठून गेली तेव्हा कुठं जयाबाईचा जीव भांड्यात पडला.

पण पोत्यातून काढलेला फोन काही चालू होईना. तिला फक्त फोन आला की हिरवं दाबायचं ठाऊक. आप्पांना आत न्यायच्या आधी फोन करतो, असं मुलगा साईराज सकाळीच म्हणाला होता. तिनं बाजूचं बटण दाबलं, पदरानं पुसून पुन्हा दाबलं. काळं ते काळंच. गल्लीतली जाणती पोरं सगळी कामावर, उरलेली माणसं तिच्यासारखीच. फोन चालू करून देणारं माणूस एकच होतं. कार्ड गेलं तर? आणि तिकडं त्यांचं काही बरंवाईट झालं तर? काय करावं बाई! ती अनवाणीच धावत सुटली.

प्रियदर्शनी पुढच्या घराच्या पायरीवर भेटली. जयाबाईनं फोन पुढं केला. पोरीनं बटण दाबून धरलं, तसा तो उजळला.

"मग फोन आहे असं लिहू का, आक्का?"

जयाबाई म्हणाली, "लिव. मघा खोटं सांगितलं. फोन हाय. वापराय येत न्हाय, त्ये बी लिव."

याचा कार्डाशी काही संबंध नाही, असं पोरगी समजावून सांगू लागली, तोच फोन वाजला. जयाबाईनं हिरवं दाबलं.

"आई, फोन बंद का गं? आप्पास्नी आत न्हेलं. तुझ्यासंगं बोलायचं म्हणत हुते. डॉक्टरला लई येळ थांबवून ठेवलतं मी."

ती तिथंच पायरीवर टेकली. प्रियदर्शनीही टॅब बाजूला ठेवून शेजारी बसून राहिली. फोन पुन्हा बंद पडेल या भीतीनं, पडदा विझत आला की जयाबाई त्याला हळूच बोट लावत होती.