पाप ओळखणारा ढीग

महाराज अनवाणी ढिगावर चढत होते आणि अख्खा कारखाना माना वर करून उभा होता. पाळी संपलेले, पाळीवर जाणारे, कडेवर पोरं घेतलेल्या बायका. ढीग तीन मजली घराएवढा. खाणीतून आलेलं खनिज कुटून तिथे ओततात. महाराज माथ्यावर पोचले, मधोमध उभे राहिले, दोन उड्या मारल्या. काही झालं नाही. लोकांनी हात जोडले.

"हा नुसता ढीग नाही," महाराज कारखान्याच्या साहेबांनी दिलेल्या माईकवरून बोलले. "डोंगर फोडला, कुटला, पण त्याचे डोळे फुटले नाहीत. मनात पाप असेल त्याला तो गिळतो. स्वच्छ माणसाला अलगद झेलतो."

डोंगर धड उभा होता तेव्हाही त्याचे डोळे कुणी पाहिले नव्हते. तरी टाळ्या पडल्या.

माझ्या बायकोला याच ढिगाने गिळलं होतं. माल अडकला की वर जाऊन पहारेने मोकळा करायचा, हे तिचं काम. कमरेला दोर बांधायचा नियम होता. जुना दोर तुटला होता, नवा आलाच नव्हता. ती वर गेली आणि दिसेनाशी झाली. बाहेर काढलं तेव्हा तिच्या तोंडातसुद्धा माल भरला होता.

नंतर साहेबांनी महाराजांना आणलं. दोराबद्दल विचारणं बंद झालं. नळावर बायका एकमेकींना विचारू लागल्या, तिचं पाप कुठलं असेल.

"तिच्या पोटची पोर उद्या या ढिगावरून चालेल," महाराजांनी वरून जाहीर केलं. "ती सुखरूप पार झाली तर आईचाही डाग जाईल."

मुलगी आता आईच्याच जागी कामाला होती. "मी चालणार, आप्पा," ती म्हणाली.

घरी आलो तेव्हा मेहुणी, माझ्या बायकोची धाकटी बहीण, सोबत होती. ती शाळेत विज्ञान शिकवते. म्हणाली, "भाऊजी, महाराज वर होते तेव्हा खालचा पट्टा बंद का होता?"

"सगळे वर बघत होते. तू खाली काय बघत होतीस?"

"ताई वर गेली तेव्हा तर तो चालू होता. तिला खालूनच काढलं ना?"

ढिगाच्या पोटाखाली भुयार आहे. त्याच्या छताला भोक आहे. त्यातून माल पट्ट्यावर पडतो आणि पुढे गिरणीत जातो. हे मला माहीत होतं, पण महाराजांशी त्याचा संबंध मी जोडला नव्हता.

मेहुणीने नरसाळं घेतलं, त्यात ओलसर पीठ दाबून भरलं आणि खालून काडीने टोकरलं. ताटलीत पीठ पडत राहिलं.

"वरून बघ. काय दिसतं?"

"भरलेलंच आहे की, मावशी."

"आता त्यावर हे नाणं ठेव."

मुलीने नाणं ठेवलं. पीठ फुटलं आणि नाणं आत गेलं.

"धूळ उडू नये म्हणून ढिगावर पाणी मारतात," मेहुणी म्हणाली. "ओला माल एकमेकाला धरून राहतो. खालचा निघून जातो, वर नुसतं कवच उरतं. पिठाला या नाण्याचं पाप कळलं का गं?"

"पण महाराज तर उड्या मारत होते."

याचं उत्तर माझ्याकडे होतं. सकाळी बुलडोझर वर चढून पोकळी बुजवत, माल दाबत होता. तो चालवणारा महाराजांचा पहिला शिष्य. "आणि तुझ्यासाठी," मी मुलीला म्हणालो, "पट्टा कुणी थांबवणार नाही."

"मग आईवरचा आळ तसाच राहू द्यायचा? घरात पीठ सांडून लोकांना कसं पटेल?"

दुसऱ्या दिवशी पुन्हा गर्दी जमली. भुयारातून पट्टा माल घेऊन येत होता. ढीग वरून सपाट आणि शांत दिसत होता.

"महाराज, मुलगी येईलच," मेहुणी मोठ्याने म्हणाली. "आधी तुम्ही चला. कालच्याच जागी."

महाराजांनी चालत्या पट्ट्याकडे पाहिलं. "आज डोंगराचं मौन आहे, बाई."

"मौन कालही होतं. बोलत तुम्हीच होता."

मागे कुणीतरी हसलं. तोवर मी ढिगाच्या वरून जाणाऱ्या, माल ओतायच्या पुलावर चढलो होतो. मुलीच्या वजनाचं वाळूचं पोतं आम्ही सकाळीच वर नेऊन ठेवलं होतं. दोराचं एक टोक पोत्याला, दुसरं कठड्याला. मी ते हळूच ढिगावर टेकवलं. क्षणभर ते तसंच बसलं. मग त्याखालचं कवच फुटलं आणि दोर माझे तळहात सोलत खाली धावला. माथ्यावर काळं भोक पडलं. पोतं त्यात लटकत राहिलं, कारण त्याला दोर होता.

महाराज आपल्या चपला शोधत होते.

मुलीने साहेबांकडे वळून विचारलं, "आईचा दोर कुठे होता?"

मग तोच प्रश्न मागून आला, मग बाजूने, मग सगळीकडून.

मी शिकलेला माणूस नाही. एवढंच सांगतो. वाळूच्या पोत्यात पाप नसतं, माझ्या बायकोतही नव्हतं. कुणी मेलं की त्याचा दोष शोधायला जाऊ नका. यंत्र कोणी बंद केलं नाही, दोर कोणी दिला नाही, ते विचारा. आणि खाली काय आहे हे स्वतः पाहिल्याशिवाय, कुणी कितीही पुण्यवान म्हटलं तरी, वर पाय टाकू नका.