सात नंबरचा खांब

“नुसतं दाबलं नव्हतं, काका. दाबून धरलं होतं. चाळीसपर्यंत मोजलं मी.”

मुलगी हे सांगत असताना तिचा उजवा हात टेबलावर होता आणि डावा तिने बाहीत ओढून घेतला होता. अर्जात ‘इजा’ असा रकाना असल्यामुळे नोंदकाकांना विचारणं भाग पडलं. तिने बाही वर केली. मनगटावर चार बोटांचे वळ होते. त्यांनी ‘चार’ असंच लिहिलं. ‘काही’ लिहिलं नाही.

आदल्या दिवशी, सोमवारी, संध्याकाळी पावणेसातला ती ग्रंथालयातून वसतिगृहाकडे निघाली होती. सायकल स्टँडच्या वळणावर एका अनोळखी माणसाने तिचं मनगट धरलं. शेजारीच सात नंबरचा खांब होता. वर निळा दिवा, मध्ये लाल बटण, खाली ‘मदतीसाठी दाबा’ अशी पाटी. मोकळ्या हाताने तिने ते बटण दाबून धरलं. तो ओढत होता आणि ती खांबाला चिकटून आकडे म्हणत होती. चाळीसला समोरून दोन सायकली आल्या, तेव्हा त्याने हात सोडला.

“मला एकच सांगा,” ती म्हणाली. “बटण दाबल्यावर कुणी यायला किती वेळ लागतो? म्हणजे मी आधीच पळायला हवं होतं का?”

नोंदकाकांनी कॉलचं रजिस्टर उघडलं. सोमवारच्या पानावर ऑपरेटरबाईंच्या गोल अक्षरात लिहिलं होतं: खांबांवरून आलेले कॉल, शून्य. त्यांनी रजिस्टर मिटलं आणि तिला शुक्रवारी यायला सांगितलं.

महाविद्यालयाच्या सुरक्षा कार्यालयात नोंद ठेवणं हे त्यांचं काम. त्यावरून सगळे त्यांना नोंदकाका म्हणत, इतकं की पगारपत्रकावरचं नाव त्यांना स्वतःलाही थोडं परकं वाटे. त्याआधी चौदा वर्षं ते भौतिकशास्त्राच्या प्रयोगशाळेत सहायक होते. मोजमाप तीनदा घ्यावं, चुकलेला आकडा खोडरबराने पुसू नये, त्यावर वाचता येईल अशी एकच रेघ मारून शेजारी सही करावी, हे त्यांनी किती पोरांच्या डोक्यात भरलं असेल त्याचा हिशेब नाही.

सुरक्षा अधिकारी वयाने त्यांच्याहून पंधरा वर्षांनी लहान, माणूस वाईट नव्हता. त्यांनी अर्ज शांतपणे वाचला. मुलीबरोबर काहीतरी घडलं असणार, हे त्यांनाही मान्य होतं. पण वार्षिक सुरक्षा अहवाल शुक्रवारी छापायला जायचा होता आणि त्यात ‘सर्व अकरा खांब कार्यरत’ असं वाक्य होतं. पोरगी घाबरली असेल, बटणाऐवजी पाटीवरच हात ठेवला असेल, असं त्यांचं म्हणणं. तेव्हा यंत्रणेच्या रकान्यात ‘तक्रारदाराने वापर केला नाही’ असं लिहावं आणि पुढे जावं.

“पण ती म्हणते केला,” नोंदकाका म्हणाले.

“ती म्हणते. आणि कागद काय म्हणतो? दर सोमवारी खांब तपासल्याचा तक्ता आहे. काल सकाळीसुद्धा सात नंबर चालू होता. सही कुणाची आहे, काका?”

सही नोंदकाकांची होती.

यातून पुढे काय होणार, हे त्यांना स्वच्छ दिसत होतं. हे प्रकरण तक्रार समितीपुढे जाणार. समितीतला कुणीतरी चष्मा पुसत म्हणणार की बटणाची गोष्टच खरी नसेल, तर बाकीचं कशावरून खरं धरायचं? आणि मुलीला खोटं ठरवणारा पुरावा म्हणून त्यांचीच सही दाखवली जाणार. उलट बाजूला, खरं सांगितलं तर निवृत्तीला चार महिने उरले असताना खोट्या नोंदींची चौकशी.

नोंदी खोट्या होत्या का? त्यांनी प्रामाणिकपणे विचार केला. ऑपरेटरबाईंच्या टेबलावरच्या फलकावर तपासणीचं एक बटण होतं. ते दाबलं की अकरा हिरवे दिवे एकदम लागत, आणि नोंदकाका अकरा खुणा करून सही करत. पहिले सहा महिने ते प्रत्येक खांबापर्यंत चालत गेले होते. मग गुडघा दुखायला लागला, मग गुडघा बरा झाला, पण चालणं काही पुन्हा सुरू झालं नाही. हिरव्या दिव्यांवरून सिद्ध होत होतं ते एवढंच, की हिरवे दिवे चांगले आहेत.

घरी त्यांनी हे बायकोला सांगितलं. ती तीस वर्षं परिचारिका होती आणि निवृत्तीनंतरही तिची चौकशी करण्याची पद्धत बदलली नव्हती.

“बटणापाशी शेवटचं कधी गेला होतात?”

“अडीच वर्षं झाली.”

तिने निवडायला भाजीची दुसरी जुडी घेतली. मग म्हणाली, “सलाईनची बाटली भरलेली दिसतेय म्हणून आम्ही चालू आहे असं लिहीत नव्हतो हो. सुई बघायचो.”

“ते मला कळतं.”

“कळतं म्हणूनच झोप येणार नाही तुम्हाला. गुडघ्याचं मलम वर आहे, कपाटात. सकाळी चालायचं असेल तर आत्ताच लावा, तिथे जाऊन कण्हू नका.”

बुधवारी ते रजिस्टर घेऊन निघाले. प्रत्येक खांबापाशी बटण दाबायचं आणि फलकावर त्या खांबाचा दिवा लागला का, ते फोनवर ऑपरेटरबाईंना विचारायचं, असा क्रम ठरला. तिसऱ्या खांबापाशी बाई म्हणाल्या, “एकदा पेटला ना, काका? मग तेच तेच काय दाबताय? माझा चहा निवतोय.” काकांनी तीन वेळा दाबायचंच आहे असं सांगितलं. चौथा बंद होता. सातव्याशी त्यांनी बटण दाबलं आणि वाट पाहिली.

“लागला?”

“नाही.”

“आता?”

“नाही हो.”

तिसऱ्यांदाही बाई ‘नाही’च म्हणाल्या.

त्यांनी खिशातल्या पेचकसाने झाकण उघडलं. आत कुंभारमाशीने मातीचं घर बांधलं होतं आणि तारेचं टोक त्यात लिंपलं गेलं होतं. घराचा पुढचा भाग फुटला होता आणि बटणामागे ताजी माती भुरभुरली होती. कुणीतरी बटण अगदी जोर लावून दाबलं होतं. कोणी, हे माती सांगू शकत नव्हती, आणि नोंदकाकांनी तिच्याकडून तशी अपेक्षाही केली नाही. अकरापैकी चार खांब बंद निघाले.

गुरुवारचा पूर्ण दिवस त्यांनी जुन्या तक्त्यांची फाईल घेऊन काढला. तीन वर्षांचे एकशे छप्पन्न सोमवार होते. पहिले सव्वीस त्यांनी बाजूला ठेवले. उरलेल्या एकशे तीस पानांवर पट्टी लावून अकरा खुणांवरून एकेक रेघ मारली, खालचं सगळं वाचता येईल अशी. शेजारी लिहिलं, ‘खांबाशी जाऊन तपासले नाही’, आणि प्रत्येक पानावर सही केली. शेवटी शेवटी बोटं वळेनात.

सुरक्षा अधिकाऱ्यांनी पानं चाळली.

“काका, हे तुम्हाला कुणी करायला सांगितलं होतं?”

“कुणी नाही.”

“चार महिन्यांसाठी?”

“पानं तीन वर्षांची आहेत, साहेब.”

साहेबांनी अहवालातलं वाक्य खोडलं. तेही एकाच रेघेने, पण तो बहुधा योगायोग असावा. मग सोमवारची तपासणी आजपासून दुसऱ्याकडे देत असल्याचं आणि चौकशीचं पत्र पुढच्या आठवड्यात मिळेल असं त्यांनी सांगितलं. ते रागाने म्हणाले असते तर नोंदकाकांना सोपं गेलं असतं.

शुक्रवारी मुलगी आली. काकांनी तिला टिपण वाचायला दिलं. ‘सात नंबरचा खांब घटनेच्या वेळी बंद असण्याची शक्यता फार मोठी. तक्रारदाराने बटण दाबले नाही असे म्हणण्यास कोणताही आधार नाही. पूर्वीच्या तपासणीच्या नोंदी चुकीच्या. जबाबदारी खाली सही करणाऱ्याची.’

तिने ते दोनदा वाचलं.

“म्हणजे तुमचा माझ्यावर विश्वास आहे?”

“विश्वासाचं मला फारसं कळत नाही, बाळ. खांब बंद होता, हे मी पाहिलंय. आणि बंद खांब चालू आहे, असं कागदावर मी लिहिलं होतं.”

मुलीने सही केली. उठताना तिने पुन्हा विचारलं, “आणि तो वेळ? कुणी यायला लागतो तो?”

“माहीत नाही. कधी मोजलाच नव्हता.”

पुढच्या सोमवारी सात नंबरची तार बदलली गेली. तपासणीच्या तक्त्यावर आता दुसऱ्याची सही होती. संध्याकाळी पावणेसातला नोंदकाका, कामाची वेळ संपलेली असताना, सायकल स्टँडच्या वळणावर येऊन उभे राहिले. हातात प्रयोगशाळेतलं जुनं स्टॉपवॉच होतं. वरचा दिवा निळा होता, रस्ता मोकळा. त्यांनी घड्याळ सुरू केलं, बटण दाबून धरलं आणि त्या मुलीने मोजले असतील तसे आकडे म्हणू लागले.

चाळीस झाले. रस्त्यावर कुणीच नव्हतं. चाळीस हा किती मोठा आकडा आहे, हे त्यांना आजवर ठाऊक नव्हतं. त्यांनी बोट काढलं नाही.

फाटकाकडून रखवालदार धावत आला, टोपी हातात, दम लागलेला. काकांना एकटंच पाहून थांबला.

“काय झालं, काका? कोण आहे?”

“कुणी नाही.” त्यांनी घड्याळ थांबवलं, उजेडाकडे धरलं आणि वहीत लिहिलं: चार मिनिटं दहा सेकंद. मग त्याच्याकडे बघून हळूच म्हणाले, “जरा दम खा. मग परत फाटकाशी जा. अजून दोन वेळा घ्यायचंय.”