मोईनचा प्रोग्राम

जोतीरामनं मोईनच्या प्रोग्रामला हात घातला तो नव्व्याण्णवच्या डिसेंबरात, आणि तोही नाइलाजानं.

प्रोग्राम कन्हेरीच्या आबासाहेबांच्या हॅचरीचा होता. तिथं रोज हजारो अंडी उबवायच्या मशिनला लागायची आणि एकवीस दिवसांनी पिल्लं बाहेर पडायची. कुठल्या तारखेला किती पिल्लं निघणार आणि ती कुठल्या पोल्ट्रीवर जाणार, हे ऑफिसातला कॉम्प्युटर सांगायचा. हे सगळं इंदापूरच्या मोईननं फॉक्सप्रो नावाच्या कॉम्प्युटरच्या भाषेत लिहिलेलं. मोईन आणि जोतीराम बारामतीच्या एकाच क्लासात शिकले, एकाच कॉम्प्युटरवर आळीपाळीनं बसले आणि पुढं दोघं मिळून दुकानांना, दवाखान्यांना प्रोग्राम लिहून देऊ लागले. मग मोईनला कावीळ झाली. झाडपाल्याचं औषध घेतलं, चार दिवस बरं वाटलं, पुन्हा उलटली, आणि पुण्याला नेईपर्यंत सगळं संपलं. त्याला आता दोन वर्षं झाली होती. हॅचरीचं काम आपोआप जोतीरामकडं आलं.

दोघांची कामाची रीत अगदी वेगळी. जोतीराम आधी कागदावर आखणी करायचा, मगच कीबोर्डला बोट लावायचा. प्रत्येक ओळीशेजारी ती ओळ काय करते ते लिहायचा. मोईन शेंगा फोडत थेट टाइप करत सुटायचा. खुलासा कुठंच नाही. आकडे ठेवायच्या जागांना नावं द्यायची तर जोतीराम साधी, कळतील अशी द्यायचा आणि मोईन गावांची. अंड्यांचा आकडा कन्हेरीत, फुटलेल्या अंड्यांचा कोऱ्हाळ्यात. दोन मशिनांचे आकडे भीमा आणि नीरा, आणि त्यांची बेरीज, त्या दोन नद्या जिथं मिळतात ते नरसिंहपूर. नावाला इंग्रजी दहाच अक्षरं चालायची आणि नरसिंहपूर त्यात नेमकं बसलं, म्हणून तो दिवसभर खूश होता.

"अरे, उद्या दुसऱ्या कुणी हे उघडलं तर त्याला काय कळंल?" जोतीराम चिडायचा.

"दुसरा कोण येतोय? तूच येशील," मोईन म्हणायचा.

डिसेंबरात आबासाहेबांनी बोलावून घेतलं. "जोतीराम, ह्यो कॉम्प्युटर जानेवारीत एकबी पिल्लू निघणार न्हाय म्हणतोय. हितं तर मशिनं भरून अंडी लागल्यात."

जोतीरामनं पाहिलं आणि त्याच्या लक्षात आलं. मोईननं वर्षाचे शेवटचे दोनच आकडे धरले होते. दोन हजार सालाचे दोन शून्य आले की प्रोग्राम ते एकोणीसशे साल समजत होता. जानेवारीची पिल्लं कधीचीच निघून गेली, असा त्याचा हिशोब.

दुरुस्ती साधी वाटली. एका ठिकाणी वर्ष बदललं तर दुसरीकडं गाडीची यादी बिघडली. यादी नीट केली तर मरीचा, म्हणजे मेलेल्या पिल्लांचा, आकडा उणे दाखवायला लागला. मोईननं तारीख कुठं कुठं आणि किती तऱ्हांनी वापरली होती, याचा थांग लागेना. जोतीराम रोज सकाळी हॅचरीत यायचा आणि संध्याकाळी पहिल्यापेक्षा बिघडलेलं काम सोडून जायचा. मनातल्या मनात मेलेल्या मित्राला शिव्या द्यायचा. मग घरी जाताना त्या शिव्यांचीच लाज वाटायची.

शेवटी त्यानं ठरवलं, हे नीट होणार नाही. नवीनच लिहायचा.

आठवड्याभरात नवा प्रोग्राम उभा राहिला. स्वच्छ, सरळ, ओळीओळीला खुलासा. पण ऑफिसात एंट्री करणाऱ्या प्रतिक्षाचा हात सवयीनं जुन्यावरच जायचा. एक दिवस सकाळची सगळी एंट्री तिनं जुन्यात केली आणि पोल्ट्रीवाल्याची गाडी रिकामी परत गेली.

"जुना काढून टाक," आबासाहेब म्हणाले. "आत्ताच्या आत्ता. मी हितंच बसतो."

कोरी फ्लॉपी शिल्लक नव्हती. जोतीरामनं एक जुनी पुसून तिच्यावर मोईनचा प्रोग्राम उतरवून घेतला. एरवी तो दोन प्रती काढायचा, दोन्ही उघडून बघायचा. त्या दिवशी आबासाहेब खुर्ची ओढून पाठीशी बसले होते. त्यानं फ्लॉपी खिशात टाकली आणि कॉम्प्युटरवरचं मोईनचं सगळं पुसलं. चहा येण्याच्या आत काम झालं.

जानेवारी उजाडला. पिल्लं निघाली, गाड्या भरल्या. आबासाहेबांनी खांद्यावर हात ठेवला. प्रोग्राम नसता तरी पिल्लं निघालीच असती, हे जोतीरामला ठाऊक होतं.

त्या आठवड्यात त्यानं बारामतीच्या आपल्या मशिनवर फ्लॉपी घातली. घरघर झाली आणि पडद्यावर निरोप आला: वाचता येत नाही. सोडून देऊ, की पुन्हा बघू? त्यानं पुन्हा बघायला सांगितलं. दुसऱ्या मशिनवर घातली. क्लासच्या सरांकडं नेली. सगळीकडं तेच. सर म्हणाले, "आता हिच्यात काही राहिलं नाही."

रविवारी तो इंदापूरला मोईनच्या आईकडं गेला. बानूचाची शेवया निवडत बसल्या होत्या. त्याला बघून उठल्या, पाणी दिलं, पुन्हा निवडायला बसल्या.

"हॅचरीत मोईनचं काम चालू हाय न्हवं?" त्यांनी विचारलं. दर वेळी विचारायच्या. शेजारणींना सांगायच्या, पोरगा गेला पर त्याचं काम रोज चालतंय.

खोटं सांगायचं त्याच्या ओठावर आलं होतं. पण जमलं नाही.

"न्हाय चाची. मी ते काढलं. दुसरं लिवलं."

"काढलं म्हंजी?"

"पुसलं. एक प्रत ठेवली हुती, ती बी खराब निघाली."

बानूचाचींचा हात शेवयांवर थांबला. "पुसल्यावर कुठं जातं ते?"

"कुठं जात न्हाय. तेवढी जागा मोकळी हुती. दुसरं काय लिवायला."

त्यांनी शेवयांचं ताट बाजूला सारलं. मग म्हणाल्या, "तू एवढं दिवस वाचत हुतास. तुला तर पाठ असंल."

"व्हय," जोतीराम म्हणाला.

त्यांनी जेवायला वाढलं. रागावल्या नाहीत, रडल्याही नाहीत. निघताना दारापर्यंत आल्या नाहीत, एवढंच.

परतीच्या एसटीत त्यानं खिडकीला डोकं टेकून आठवायला सुरुवात केली. निमगाव केतकी येईपर्यंत मोईननं दिलेली गावांची नावं आठवली. पण कुठल्या ओळीनंतर कुठली, मोईन तिथून पुढं कसा वळायचा, ते काही येईना. इतके दिवस त्यानं तो प्रोग्राम वाचला होता, पण चूक शोधत वाचला होता. चुकीच्या ओळी तेवढ्या लख्ख आठवत होत्या. लासुर्णे गेलं तसं त्यानं आठवणं सोडून दिलं.

सोमवारी तो हॅचरीत गेला. प्रतिक्षाला मरीचा वेगळा रिपोर्ट हवा होता. त्यानं कागद घेतला, रकाने आखले. एरवी साधंसं नाव तो स्वतःच लिहायचा. आज तिला विचारलं, "वर नाव काय देऊ?"