गयासोद्दीनच्या नावावरची रिक्षा

अंबडजवळच्या एका मंगल कार्यालयाची लोखंडी कमान कोसळली, तेव्हा गयासोद्दीन टेलर नवरदेवाची शेरवानी घेऊन तिच्याच खालून चालला होता. उजव्या हाताची तीन बोटं कायमची गेली. कात्री धरता येईना. कार्यालयाच्या मालकानं वाऱ्यावर खापर फोडलं.

भरपाईचा दावा लावायचा, तर कोर्ट फी भरायची ऐपत नव्हती. म्हणून फी माफीचा अर्ज केला. विधी सेवेतून उमा वकीलबाई मोफत मिळाल्या, आणि तिथंच त्याच्या मनात पाल चुकचुकली. फुकट कोण कशाला राबतं?

बाई एकच गोष्ट खोदून खोदून विचारायच्या. "गयासभाई, नीट आठवा. तुमच्या नावावर अजून काही आहे? लपवलेलं निघालं तर अर्ज गेलाच."

"बिलकुल न्हाई, मॅडम. शिलाई मशीन अन् पत्र्याचं घर."

मग एक अनोळखी माणूस गल्लीत येऊन घराचे फोटो काढून गेला. दोन दिवसांनी कोर्टाच्या आवारात उमाबाई मालकाच्या वकिलासोबत हसत चहा पिताना दिसल्या. गयासोद्दीनचं डोकंच फिरलं. बाई विकली गेली! कागद परत घ्यायचे असं ठरवूनच तो घरी आला.

बायको शहाजादी भाकरी थापत होती. त्यानं सगळं सांगितलं. फोटोवाल्याचा विषय निघताच तिचा हात थांबला.

"काय झालं?"

"अजी, रागवू नका. तुम्ही दवाखान्यात होते ना, तवा शाहरुखनं जुनी रिक्षा घेतली. त्याचे स्वतःचे आधार-पत्त्याचे कागद बराबर नव्हते. मंग तुमच्या नावावर केली."

"माझी सही?"

"डावा अंगठा. तुम्ही गुंगीत होते."

म्हणजे साऱ्या गावावर संशय घेतला, आणि अंगठा घेतला तो मेव्हण्यानं, शाहरुखनं, बायकोच्या देखत! रात्री तो न जेवताच आडवा झाला. गप्प राहिलं तर? कोणाला कळणार? पण फोटोवाला मालकाचाच माणूस असणार, उगाच आला नसणार. आणि बाईंना सांगावं, तर त्या मालकाच्या वकिलाकडे पोचवणार.

सकाळी त्यानं उमाबाईंना सरळच विचारलं, "त्या वकिलाशी काय बोलून राह्यल्या होत्या?"

त्या जराही गडबडल्या नाहीत. "रोजच एकत्र चहा घेतो आम्ही. भांडतो ते आत, कोर्टात. विश्वास नसेल तर दुसरा वकील मागा, मी अडवणार नाही."

त्याला पुरतं पटलं नाही. तरी त्यानं रिक्षाचं सांगून टाकलं. बाईंनी त्याच दिवशी नवं प्रतिज्ञापत्र दाखल केलं.

सुनावणीला मालकाचा वकील रिक्षाचा कागद नाचवत उभा राहिला. न्यायाधीशांनी फाइल उलटली. "हे अर्जदारानंच आधी सांगितलंय. रिक्षा कोण चालवतं?"

"मेव्हणा, साहेब. माझ्या हातात हँडल बी बसत न्हाई," म्हणत गयासोद्दीननं हात वर केला.

तलाठ्याचा अहवाल आला. शाहरुखनंही साक्षीत खरं काय ते कबूल केलं. महिन्याभरानं फी माफ झाली आणि दावा दाखल झाला.

शाहरुख पेढे घेऊन आला. गयासोद्दीननं पेढा घेतला, पण खाल्ला नाही. "उद्या आरटीओत चल," तो म्हणाला. "रिक्षा तुझ्या नावावर झाल्याबिगर या घरात पाय ठेवू नको." शहाजादी काहीतरी बोलणार होती. त्यानं तिच्याकडे पाहिलं, तशी ती आत निघून गेली.