शुक्रवारची टाकी

"पाकीट संपतं ते दिसतं गं. टाकी परत भरते," असं रुदैना म्हणाली होती. रुदैना ही मैसूनची थोरली बहीण. नवऱ्यांच्या बाबतीत तिचा अनुभव दांडगा, दोन झाले होते. मैसूनच्या नवऱ्यानं, आतिफनं, सिगारेट सोडून व्हेप, म्हणजे टाकीत रस भरून ओढायची विजेवरची सिगारेट, हातात घेतली त्या आठवड्यात ती कुनाफा या मिठाईचा डबा घेऊन आली. बाल्कनीत त्याची ती काचेची टाकी उन्हात धरून तिनं उलटसुलट करून पाहिली. सिगारेटवाल्याची बायको निदान राखदाणी तरी बघते, याचं तू काय बघणार, असं तिचं म्हणणं. मैसून हसली. तुला सगळीकडे चोरच दिसतात, म्हणाली, आणि कुनाफा गरम करायला आत गेली.

मैसूनची लेक जूरी तेव्हा पाळण्यात होती. आता ती भिंतीला धरून घरभर फिरू लागली होती. हाताला लागेल ते तोंडात घालत होती.

आतिफचं एक तत्त्व होतं. वस्तू वाईट नसते, तिची हेळसांड वाईट. त्याचे वडील गेले तेव्हा त्यांचा लग्नातला नर्गिला, म्हणजे हुक्का, घरात होता आणि त्याच्या काचेवर ओरखडा नव्हता. दर शुक्रवारी जुम्याच्या नमाजाआधी त्याची आई, उम्म आतिफ, तो नर्गिला सुटा करून धुवायची. बापाचा नर्गिला गेला, लेकाच्या हाती टाकी आली, पण शुक्रवार तोच राहिला. स्वयंपाकघराच्या ओट्यावर पांढरं फडकं अंथरून आतिफ टाकी उघडायचा. खालची रस तापवणारी कॉइल वेगळी, काच वेगळी, वरचं टोपण वेगळं, मधले बारीक रबरी वायसर एका बशीत. मग चहाच्या पेल्यात गरम पाणी घेऊन त्यात सगळं बुडवून ठेवायचा. साबण नाही, साबणाचा वास धुरात येतो. नंतर फडक्यावर वाळत. पूर्ण वाळल्याशिवाय जोडायचं नाही.

मैसूनला हे सगळं पाठ होतं, कारण ती बघत असे. कॉइल आठवडा-दोन आठवडे टिकते, गोड रस असला तर त्याहून कमी. त्यातला कापूस काळा पडला की धुराला करपट चव येते. नवी कॉइल घातली की कापसावर चार थेंब सोडून एक चहा होईपर्यंत थांबायचं, नाहीतर पहिल्याच झुरक्याला कापूस जळतो. टाकी मात्र पडली नाही, आटे जबरदस्तीनं आवळले नाहीत, वायसर वेळेवर बदलले आणि उन्हात गाडीत विसरली नाही, तर वर्षानुवर्षं जाते. हे आतिफ पाहुण्यांना अशा अभिमानानं सांगायचा की उम्म आतिफ म्हणायची, इतकी काळजी बायकोची घेतलीस तर तीही टिकेल.

खटका पडला तो एका चपट्या वायसरमुळे. टाकी पाझरली आणि दिवाणावरच्या उशीला चिकट डाग पडला. जूरीची बोटं त्याच डागावर होती. मैसूननं ती साबणानं धुतली, पुन्हा धुतली, आणि आतिफला विचारलं की यात निकोटीन किती आहे. शून्य, तो म्हणाला. कधीच सोडलंय. आता नुसता वास, दोन सफरचंदांचा.

'दोन सफरचंदं' या नर्गिल्याच्या जुन्या स्वादाला सफरचंदाचा वास कधीच नसतो, हे नर्गिल्याच्या घरात वाढलेल्या कुणालाही ठाऊक असतं. त्याला वास असतो यानसूनचा, बडीशेपेच्या भावकीतल्या त्या बारीक दाण्यांचा. आतिफच्या शर्टाला तो वास होता, उशांना होता, गाडीला होता.

मैसूननं 'बरं' म्हटलं. पण ती संख्याशास्त्र शिकलेली बाई होती. एका उत्तरावर तिचं समाधान होत नसे. ज्यात काही नाहीच ते घरी विसरल्यावर माणूस अर्ध्या रस्त्यातून गाडी का वळवतो? रसाच्या बाटलीवरची चिठ्ठी नखानं खरवडलेली का असते? आणि बाटली घरात न ठेवता गाडीच्या कप्प्यात का? तिनं विचारलं नाही. ती बघत राहिली. रात्री तो बाल्कनीत उभा असला की ती दिव्याशिवाय खिडकीपाशी येई आणि धूर किती दाट निघतो ते बघे.

त्यातच उम्म आतिफ तिच्या गावाहून, सॉल्टहून, राहायला आली. मैसून पुन्हा घरबसल्या काम करू लागली होती, तेव्हा जूरीकडे बघायला कुणीतरी हवं होतं. रीतीप्रमाणे मैसून सासूला मावशी म्हणे. मावशीचा जीव होता नातीवर, यात शंका नव्हती. शंका होती ती तिच्या यानसूनवर, त्या दाण्यांच्या उकळलेल्या पाण्यावर. पोट दुखलं, यानसून. रडली, यानसून. हसली तर झोप यावी म्हणून यानसून. जूरीचं वजन वाढेना तेव्हा बालरोगतज्ज्ञानं सांगितलं की हे पाणी बंद करा, पोट भरतं आणि पोर जेवत नाही. मैसूननं तसं मावशीला सांगितलं. मावशीनं ऐकून घेतलं. सात मुलं वाढवली मी यावर, एवढंच म्हणाली, सातही तुझ्या डॉक्टरपेक्षा उंच आहेत.

त्यानंतर जूरीच्या अंगाला, केसांना अधूनमधून यानसूनचा वास येऊ लागला. बापाच्या खांद्यावर झोपल्यामुळे, की आजीच्या चमच्यामुळे? मैसूननं फळीवरचा यानसूनचा डबा चित्राची बाजू भिंतीकडे करून ठेवला. संध्याकाळी चित्र समोर होतं. मावशी स्वतःसाठी चहा करत असेल. असेलही. दुपारी काम संपवून आली की ती जूरीला उचलून आधी तिच्या तोंडाशी नाक नेई. मावशीच्या ते लक्षात आलं. जेवताना लेकाला म्हणाली, तुझी बायको पोरीचा वास घेते, मांजर परक्या घरातून आलेल्या पिलाचा घेतं तसा. आतिफ हसला. मैसूनही हसली, पण वास घेणं थांबवलं नाही.

असं ते घर. बायको नवऱ्याच्या टाकीवर नजर ठेवून, सून सासूच्या डब्यावर, सासू सुनेच्या नाकावर. आणि तोंडावर कुणी कुणाला काही विचारत नव्हतं.

त्या शुक्रवारी आतिफनं नेहमीसारखं फडकं अंथरलं. पण त्याला उशीर झाला होता. टाकीत रस बराच उरला होता तो आधी ओतून द्यायचं राहिलं. तशीच उघडून त्यानं ती गरम पाण्यात सोडली. मशिदीतून हाक आली तेव्हा भाग बाहेर काढून फडक्यावर मांडले, हात पुसले आणि निघाला. पेला ओट्यावरच राहिला. मैसून गच्चीवर कपडे वाळत घालत होती.

ती खाली आली तेव्हा जूरी आजीच्या मांडीवर होती आणि आजी गुणगुणत होती. सगळं ठीक दिसलं. मग जूरीच्या तोंडातून लाळ गळू लागली, दात येताना गळते त्याहून खूप जास्त. तिनं ओकारी केली. पुन्हा केली. चेहरा पांढरा, कपाळ घामानं ओलं, आणि मैसूननं उचलल्यावर मान तिच्या खांद्यावर नुसती पडली. मैसूननं नाक तिच्या तोंडाशी नेलं. यानसून.

आतिफचा फोन बंद. मशिदीत खुत्बा, जुम्याचं प्रवचन, चालू होता, अख्ख्या गल्लीतले पुरुष तिथंच. खालच्या मजल्यावरच्या शिक्षिकाबाईंनी चपला न घालता गाडी काढली. वाटेत मैसून मागच्या सीटवर पोरीला हलवत राहिली, नाव घेत राहिली. शेजारी मावशी तस्बी हातात धरून होती आणि एकही मणी सरकवत नव्हती.

इस्पितळात तातडीच्या विभागातली डॉक्टर तरुण होती. नळ्या लावताना तिनं विचारलं, काय खाल्लं, काय प्यायलं. मैसूननं उत्तर द्यायच्या आधी सासूकडे बोट केलं. यांना विचारा, म्हणाली. माझ्या पाठीमागं काय काय पाजतात ते यांनाच ठाऊक. नको सांगितलं होतं, तरी यानसून पाजतात. रांगेतल्या बायका वळून बघू लागल्या. मैसून थांबली नाही. महिनोन् महिने जे साठलं होतं ते त्या पांढऱ्या भिंतींसमोर सगळं बाहेर पडलं.

मावशीनं नाही म्हटलं नाही. चमच्यानं दोनदा दिलं, असं ती डॉक्टरला म्हणाली. मनगटावर थेंब टाकून बघितला, कोमट होतं. ओट्यावर पेल्यात होतं, फडक्याशेजारी. मग सुनेकडे न बघता म्हणाली, "मला वाटलं तूच करून ठेवलंस. माझ्यासाठी. म्हटलं, सुनेचा राग गेला."

"मी काही करून ठेवलं नव्हतं, मावशी."

डॉक्टर म्हणाली, यानसूननं असं होत नाही. छातीचे ठोके असे पडत नाहीत. पेल्यात दुसरं काय होतं, घरी कुणी आहे का बघायला?

तेवढ्यात आतिफ आला. नमाजानंतर फोन चालू केला तसा धावत आला होता, पायात दोन वेगळ्या चपला. 'पेला' हा शब्द त्यानं दारातच ऐकला. कुठला पेला, असं त्यानं विचारलं, आणि विचारतानाच त्याला कळलं होतं, हे मैसूनला त्याच्या चेहऱ्यावर दिसलं. टाकी धुतली होती, तो म्हणाला. तिचं पाणी. डॉक्टरनं विचारलं, रसात निकोटीन होतं का?

"नाही. शून्य आहे ते. नुसता वास," आतिफ म्हणाला. सवयीनंच.

डॉक्टर लिहू लागली. मैसूननं तिचा हात धरला. मग नवऱ्याकडे वळली. आवाज तिनं चढवला नाही.

"आतिफ, माझ्याशी खोटं बोल. जन्मभर बोल, मी काही म्हणणार नाही. आत्ता हिच्यासाठी खरं सांग."

तो आईकडे बघत होता. वडील नर्गिल्यानंच गेले, असं उम्म आतिफ मानत असे, आणि निकोटीनला शिवणार नाही अशी लेकाकडून तिनं शपथ घेतली होती. ते 'शून्य' बायकोसाठी नव्हतंच कधी, आईसाठी होतं, हे मैसूनला तिथं कळलं. आतिफनं मान खाली घातली आणि सांगितलं. होतं. दुकानात मिळतं त्यातलं सगळ्यात जोराचं. आणि टाकी अर्ध्याहून जास्त भरलेली होती.

डॉक्टरनं दुसरा प्रश्न विचारला नाही. तिनं हाक मारली, दोन परिचारिका आल्या, पडदा ओढला गेला.

पडद्याबाहेर तिघं उभी राहिली. मावशीनं लेकाला हात लावला नाही, रागावलीही नाही. हलकेच विचारलं, "त्या टाकीच्या पाण्यात विष असतं, हे तुम्हा दोघांनाही माहीत होतं?"

एकाला माहीत होतं. दुसरीला संशय होता. आणि जिच्या मांडीवर दिवसभर पोर असे, तिला कुणी काही सांगितलं नव्हतं.

जूरी वाचली. संध्याकाळ व्हायच्या आत तिनं डोळे उघडून पाण्यासाठी हात केला, दुसऱ्या दिवशी नळी ओढून काढायचा हट्ट धरला, आणि घरी आल्यावर पहिल्याच फेरीत फुलदाणी फोडली. आतिफनं टाकी फेकली नाही. सोडतो असं पुन्हा खोटं सांगण्यापेक्षा हे बरं, असं तो म्हणाला, आणि निकोटीन सोडवणाऱ्या डॉक्टरकडे नाव घातलं. आता टाकी कुलपात असते. धुवायची तर खाली गाडीपाशी, वेगळ्या डब्यात, आणि पाणी तिथंच गटारात. बाटलीवरची चिठ्ठी खरवडलेली नसते. मैसून तरी बघतेच. ते काही तिच्यातून गेलं नाही.

उम्म आतिफ मात्र त्याच आठवड्यात सॉल्टला परतली. गुडघे दुखतात, म्हणाली. मैसून दर शुक्रवारी पोरीला घेऊन जाते, माफी मागून झाली आहे, मावशीनं तिच्या डोक्यावर हात ठेवून झाला आहे. पण जूरी मांडीवर चढली की मावशी दोन्ही हात बाजूला धरते. पोरीनं पाणी मागितलं तर स्वतः उठत नाही. सुनेला हाक मारते. एकदा मैसूनच्या देखत तिनं स्वतःच्याच घरातला, स्वतःच भरलेला पेला नाकाशी नेला, बराच वेळ हुंगला आणि मोरीत ओतून दिला.

ज्या घरात बाळ आहे, अशा प्रत्येक घरात ते सांभाळणारं एखादं म्हातारं माणूस असतं. आई असेल, सासू असेल, शेजारची आजी असेल. तुमच्याकडेही असेल. आपण तिच्यावर नजर ठेवतो, तिच्या चमच्यावर, तिच्या डब्यावर. आज वाचून झालं की तिच्याकडे जा, लांब असेल तर फोन करा. बाळ कसं आहे ते नंतर विचारा. आधी एवढंच विचारा, की या घरात कुठल्या पेल्यात, कुठल्या बाटलीत काय असतं, ते तुला कुणी सांगितलंय का?