झरवाडीतलं जपान

मितेश अकरा दिवस जपानला जाऊन आला आणि बाराव्या दिवशी त्याला समजलं, की झरवाडीत गरम पाण्याचा झरा आहे. सत्यवान तात्या त्याच वाडीत एकाहत्तर वर्षं राहत होते. झरा त्यांना ठाऊक होता. तो गरम आहे, हे मात्र त्यांना कोणी कळवलं नव्हतं.

झरा चांगला गार होता. वरच्या सड्याखालच्या जांभ्या दगडातून निघायचा, दगडी कोंडीत साठायचा आणि तिथून पाटाने वाडीत उतरायचा. घरं अठरा, म्हणून पाळ्या अठरा. ज्याची पाळी त्या दिवशी पाट त्याच्या दारात, मग तो भाजीला घालो, माडांना घालो नाहीतर बघत बसो. हा नियम कुणी लिहून ठेवलेला नव्हता आणि म्हणूनच तो आजवर कुणी मोडला नव्हता.

मितेश तात्यांचा सख्खा पुतण्या. मुंबईत वाढलेला, पण जत्रेला आणि शिमग्याला न चुकता येणारा. कोंडीची जागा सातबाऱ्यावर त्याच्या बापाच्या नावाने होती, ती त्याच्या नावावर आली. त्याने कोंडीत पंप सोडला, शेजारी बॉयलर बसवला, फणसाच्या फळ्यांचे चार टब बनवले, चटया अंथरल्या, कागदी सरकती दारं लावली आणि रस्त्यावर पाटी ठोकली: ‘रयोकान. नैसर्गिक गरम झऱ्याकाठी जपानी मुक्काम.’ तेव्हापासून तीन आठवडे, ऐन एप्रिलात, पाट कोरडा होता. तात्यांच्या बायकोच्या, सुभद्राकाकूंच्या, परसातल्या लाल माठाचं गवत झालं होतं आणि अठरा घरांच्या बायका खालच्या विहिरीवरून हंडे वाहत होत्या. काकूंचा गुडघा त्या चढावर रोज दोनदा बोलायचा, आणि घरी आल्यावर काकू बोलायच्या.

तात्या एसटीच्या कणकवली डेपोत बत्तीस वर्षं ड्रायव्हर होते. घाटात समोरून ट्रक आला तरी ज्यांनी कधी हॉर्नला हात लावला नाही, ते या तीन आठवड्यांत तीनदा तहसील कचेरीत जाऊन ओरडून आले. तिथे त्यांचा अर्ज अत्यंत आदराने घेतला गेला आणि तितक्याच आदराने ठेवून दिला गेला.

अशात एक दिवस मितेशच दारात आला.

“तात्या, शनिवारी उद्‌घाटन आहे. गाऱ्हाणं तुम्हीच घालायचं. त्याशिवाय आपल्या वाडीतला धनेश बाहेरच्यांसाठी बॉयलर पेटवायला तयार नाही, अ‍ॅनी चूल पेटवायला तयार नाही. आणि शुक्रवारी तुम्ही मुक्कामाला या. पहिले पाहुणे तुम्ही.”

तात्यांनी तोंड उघडलं. त्यातून जे बाहेर येणार होतं, ते छापण्याजोगं नव्हतं. पण आतून काकू म्हणाल्या, “जावा तुमी. आपला पाणी खंय जाता ता एकदा डोळ्यांनी बघून येवा.”

तात्या गेले.

दारातच चपला काढायला सांगितल्या. त्या तात्या जन्मभर काढतच आले होते. मग जमिनीवर बसायला सांगितलं. तेही ते घरी बसत. झोपायचं जमिनीवर, जेवण भात आणि मासे. एकंदरीत झरवाडीत जे फुकट होतं तेच इथे होतं, फक्त वाट्या लहान होत्या. अ‍ॅनीने बांगड्याचा एक तुकडा एवढ्या मोठ्या बशीत आणून ठेवला, की तात्यांना वाटलं, बाकीचा बांगडा मागून येतोय.

“उरलेलो खंय, गो?”

“तितकोच आसा, तात्यानू,” अ‍ॅनी खाली बघत म्हणाली. ती दहा वर्षं गोव्याच्या हॉटेलांत स्वयंपाक करून आलेली. “माका पण लाज वाटता. पण साहेब म्हणता, जपानात असोच देतत.”

मग मितेशने त्यांच्या अंगावर सैल अंगरखा चढवला आणि टबाकडे नेलं. दारावर अकरा नियम होते. पहिला नियम: टबात उतरण्याआधी आंघोळ करावी.

तात्यांनी तो दोनदा वाचला. आंघोळीआधी आंघोळ. त्यांनी मुकाट्याने दोन बादल्या अंगावर घेतल्या आणि टबापाशी आले. पाणी काठोकाठ होतं, आणि त्याला दिवाळीतल्या फटाक्यांसारखा वास येत होता. कोपऱ्यात धनेश एक पुडी फोडून दुसऱ्या टबात ओतत होता.

“ह्या काय रे?”

“गंधक,” धनेश कुजबुजला. “गरम झऱ्याक तसलो वास येवक व्हयो म्हणान.”

तात्या टबात बसले. ते बसले तेवढं पाणी काठावरून उसळलं आणि सळसळत गटारात गेलं. ते उठले. धनेशने नळ सोडून टब पुन्हा काठोकाठ भरला. ते बसले. पुन्हा तेवढंच पाणी गेलं. एक हंडा, नीट मोजून. खालच्या विहिरीवरून त्यांच्या दारापर्यंत एक हंडा आणायला सुभद्रेला पाऊण तास लागत होता. इथे तो नुसतं बूड टेकल्यावर गेला.

पाणी सुखाचं होतं, हे तात्यांना नाकारता येईना. बत्तीस वर्षं स्टिअरिंगमागे आखडलेली कंबर सैल पडत चालली होती, आणि ती सैल पडतेय याचाच त्यांना जास्त राग येत होता. स्वतःच्याच कमरेने फितुरी करावी, हे त्यांना सहन होईना. ते तसेच उठून बाहेर आले.

“काय तात्या, कसं वाटलं?” मितेश टॉवेल घेऊन हजर.

“ह्या पाणी मगे खंय जाता?”

“व्हाळात. आणि व्हाळातून समुद्रात. दर दोन तासांनी टब रिकामे करतो. गेस्टना फ्रेश लागतं, त्याचीच ट्रायल तीन आठवडे चाललीय.”

“भाजयेक तरी सोड.”

“गंधक आहे ना त्यात. झाडं मरतील.”

“म्हणजे पियाचा पाणी तापवतंस, नासवतंस आणि समुद्राक देतंस. समुद्राक कमी पडला हुता काय रे, मेल्या?”

“तात्या, आवाज. नियम सहावा.” मितेश हसला. “आणि जागा माझ्या नावावर आहे. सातबारा बघा. फक्त पावसापर्यंतचा सीझन आहे, तोवर वाडीने जरा अ‍ॅडजस्ट करायचं. सगळ्यांना रोजगार देतोय की मी.”

रोजगार दोघांना दिला होता, पाणी अठरांचं घेतलं होतं. तात्यांनी हे तोंडावर सांगितलं नाही. राग एका मर्यादेपलीकडे गेला की ते बोलत नसत. डेपोत अशा वेळी साहेब लोक आपण होऊन दुसऱ्या खोलीत जात.

शनिवारी सकाळी मुंबईहून चौदा पाहुणे आले. सगळ्यांनी अंगरखे चढवले, हातात मोबाइल धरले. अठरा घरांतली माणसंही आली, कारण गाऱ्हाण्याला बोलावणं लागत नाही. कोंडीजवळ पानाचा विडा आणि नारळ मांडला. मितेश पहिल्या रांगेत हात जोडून उभा राहिला.

गाऱ्हाणं म्हणजे देवाशी सरळ बोलणं. एकाने सांगायचं आणि बाकीच्यांनी ‘व्हय म्हाराजा’ म्हणून त्यावर शब्द द्यायचा. हे ‘व्हय’ आमच्याकडे मूल आईच्या कडेवर असतानाच शिकतं आणि पुढे ते डोक्यातून येत नाही, थेट छातीतून येतं. शिवाय जो मोठ्याने म्हणेल त्याचं देव आधी ऐकतो, असा समज असल्यामुळे ज्याचं कार्य असतं त्याचा आवाज सर्वांच्या वर असतो.

तात्यांनी डोळे मिटले.

“बा देवा रवळनाथा, बारा वाडीच्या म्हाराजा!”

“व्हय म्हाराजा!” मितेशचा आवाज सगळ्यांत मोठा.

“आज तुझ्या ह्या लेकरान हयसर धंदो मांडलो आसा, तेका यश दी, म्हाराजा!”

“व्हय म्हाराजा!”

“लांबसून इलेल्या पावण्यांका सुखात ठेव, म्हाराजा!”

“व्हय म्हाराजा!” आता पाहुण्यांनाही ताल सापडला होता. तेही ओरडले.

तात्यांचा आवाज चढला. वेग तोच राहिला.

“तू ह्या वाडीक जो झरो दिलस, तो थंड आसा, थंडच होतो, म्हाराजा!”

“व्हय म्हाराजा!”

“तो अठरा घरांचो आसा, कोणा एकाचो न्हय, म्हाराजा!”

“व्हय म्हाराजा!”

“आणि ज्या कोणी थयसर पंप लावलो आसा, तो आज, आत्ता, तुझ्यासमोर तो बंद करता, आणि परत चालू करूचो नाय असो शबुद देता, म्हाराजा!”

“व्हय म्हाराजा!” मितेश गरजला. त्याच्या मानेच्या शिरा ताणल्या होत्या.

पाहुण्यांनी टाळ्या वाजवल्या. वाडीतल्या कुणीही वाजवल्या नाहीत.

मितेशचे जोडलेले हात तसेच राहिले. “तात्यानू,” तो म्हणाला, आणि मुंबईची भाषा त्याच्या तोंडून कुठल्या कुठे गेली. “ह्या काय केलास?”

“मी? मी नुसता सांगलंय. व्हय तू म्हटलस.”

“ह्याका काय अर्थ आसा! धनेश, पंप चालू कर. टब भर.”

धनेश जागचा हलला नाही. “देवासमोर व्हय झाला, दादानू. माका दोन पोरा आसत.”

“अ‍ॅनी, तू तरी! तुझो देव वेगळो आसा ना?”

“देव वेगळो,” अ‍ॅनी एप्रनची गाठ सोडत म्हणाली. “पण व्हय मी पण म्हटलंय.”

मितेश स्वतः पंपाकडे गेला. त्याने बटणावर बोट ठेवलं. सगळी वाडी बघत होती. बोट बराच वेळ तिथे होतं. त्याने एकदा नारळाकडे पाहिलं, एकदा तात्यांकडे, आणि बोट खिशात घातलं. एका पाहुण्याने विचारलं, “झरा थंड आहे म्हणाले ते, म्हणजे काय?”

तात्या गुडघाभर पाण्यात उतरले आणि त्यांनी कोंडीतून पाइप उपटून काढला. पुतण्याला दोन कानफटात मारून जे मिटलं असतं त्यासाठी देवाला उठवावं लागलं, हाच त्यांचा संताप होता.

पाणी पाटात आलं. तीन आठवडे तापलेल्या मातीने आधी स्वतःचं पोट भरलं, मग वाट दिली. ते पहिल्या घराशी पोचायच्या आत भांडण सुरू झालं. आज पाळी कुणाची? तीन आठवड्यांच्या बुडालेल्या पाळ्यांचं काय? बायका हंडे आदळत होत्या, पुरुष एकमेकांचे बाप काढत होते, आणि सुभद्राकाकू पाटात उभ्या राहून आपला लाल माठ आधी, असं सगळ्यांना बजावत होत्या.

गर्दीच्या मागून मितेशचा आवाज आला. “आमचा पण घर आसा वाडीत. आमची पण पाळी हा.”

तात्यांनी त्याच्याकडे पाहिलं. डोळ्यांत अजून आग होती, आणि ती पावसापर्यंत विझण्याचं काही चिन्ह नव्हतं.

“आसा,” ते म्हणाले. “अठरावी. मागे उभो ऱ्हव.”